मुनेश्वर मॅडम आणि बंद पडणाऱ्या गाड्या

मुनेश्वर मॅडमच्या शोकसभेत चार जण बोलले आणि चौघांच्याही तोंडात 'महिला असूनही' होतं. महिला असूनही त्यांनी मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवला. महिला असूनही त्या गाडीखाली शिरत. महिला असूनही त्यांचे हात कधी थरथरले नाहीत. पाचवा मी उठणार होतो, पण राग आला की माझी जीभ अडखळते, म्हणून बसून राहिलो. घरी येताना ठरवलं, बोलता नाही आलं तर लिहून ठेवू. जुनी पेट्रोलची गाडी चालता चालता का बंद पडते, हे ओळखण्यात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात त्यांच्या तोडीचा माणूस मी तरी पाहिला नाही. यात 'असूनही' काही नाही.

मी राठोड. आयटीआयमध्ये वायरमनच्या ट्रेडचा निदेशक होतो. माझ्या वर्कशॉपच्या आणि मॅडमच्या वर्कशॉपच्या मध्ये एक पत्र्याची भिंत होती, आणि त्या पत्र्याला इतकी भोकं होती की आमच्यात लपून काही राहत नसे. अकरा वर्षं मी त्या भिंतीच्या अलीकडे होतो. त्यामुळे मला जे माहीत आहे ते ऐकीव नाही.

त्या आमच्याकडे बदलून आल्या तो दिवस आठवतो. उंची बेताची, सुती साडी, साडीवर गुडघ्यापर्यंतचा खाकी कोट, आणि दोरीनं गळ्यात अडकवलेला चष्मा. प्राचार्यांनी चहा मागवला आणि मोठ्या आपुलकीनं म्हणाले, "मॅडम, वर्कशॉपमध्ये फार घाण असते. तुम्ही ग्रंथालयाचा चार्ज घ्या. मोटारचा ट्रेड जाधव सर बघतील."

मॅडमनी चहा संपवला, कप बशीत पालथा घातला.

"सर, पुस्तकायले पेट्रोल लागत नाई," त्या म्हणाल्या. "गाडी कुठं हाये तुमची?"

गाडी मागच्या शेडमध्ये होती. राखाडी अँबेसिडर. कुठल्या तरी साहेबाची सरकारी गाडी होती, निकालात निघाली तेव्हा पोरांना शिकायला म्हणून आमच्याकडे आली. ती सुरू होई. पाच-सात मिनिटं छान चाले आणि मग बंद पडे. थोडा वेळ तशीच उभी ठेवली की पुन्हा सुरू. जाधव सर सज्जन माणूस, निवृत्तीला सहा महिने राहिलेले. त्यांनी कार्बोरेटर उघडून साफ केला होता, पंप बदलला होता, प्लग बदलले होते, कॉइल बदलली होती. गाडी आपली पाच-सात मिनिटांवर ठाम.

मॅडमनी बॉनेट उघडलंच नाही. त्या आत जाऊन बसल्या, दार लावून घेतलं, गाडी सुरू केली आणि डोळे मिटले. आम्ही आठ-दहा जण बाहेर उभे. कोणीतरी हळूच म्हणालं, मॅडम झोपल्या. सातव्या मिनिटाला इंजिनाचा आवाज बारीक झाला, दोन-तीन आचके बसले आणि गाडी थांबली. मॅडमनी डोळे उघडले.

"उपास," त्या म्हणाल्या.

हा त्यांचा शब्द पुढे आमच्या आयटीआयमध्ये इतका रुजला की नवी पोरं त्याला पुस्तकातलाच शब्द समजत. मॅडमच्या हिशेबात चालती गाडी दोनच प्रकारे मरते. झटक्यानं किंवा उपासानं. फुंकर मारून दिवा विझवावा तशी एका क्षणात गप्प झाली तर झटका, म्हणजे ठिणगीचा, वायरींचा दोष. आणि धाप लागून, आचके देत, कुथत कुथत थांबली तर उपास. म्हणजे तिला पेट्रोल पोचत नाही. "मरतानी गाडी खोटं बोलत नाई," त्या म्हणत. "आपुन आयकत नाई."

मग त्यांनी गाडी परत सुरू केली आणि जाधव सरांना मागे टाकीपाशी उभं केलं. "सर, मी हात दाखवला का झाकन उघडा."

सहा मिनिटं झाली. आवाज बारीक व्हायला लागला. मॅडमनी खिडकीतून हात बाहेर काढला. जाधव सरांनी झाकण फिरवलं आणि टाकीतून 'हुस्स' असा मोठा आवाज आला. कोणीतरी कितीतरी वेळ रोखून धरलेला श्वास घ्यावा तसा. पुढे इंजिन एकदा अडखळलं आणि सावरलं. मग चालतच राहिलं. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. शेवटी मॅडमनीच बंद केलं.

त्या झाकणाला हवा आत यायला एक बारीक भोक असतं. ते कोणीतरी पुट्टी भरून बुजवलं होतं, वरून रंगही दिला होता. आमचा शिपाई शामराव कोपऱ्यातून पुढे आला, चेहरा पडलेला. "मीच बुजवलं, मॅडम. तवाचे साहेब म्हनत, गाडीत पेट्रोलचा वास येते. मले काय मालूम."

"तुमी टाकीचं भलं केलं, शामराव भाऊ. इंजिनाचं राहून गेलं," मॅडम म्हणाल्या आणि पोरांकडे वळल्या. "तेलाच्या डब्याले एकच भोक पाडलं तर तेल धड पडते का? नाई. दुसरं पाडा लागते. हवा आत गेल्याबिगर तेल बाहेर येत नाई. पेट्रोलचंबी तसंच. पंप ओढते, ओढते, आन् मंग थकते."

जाधव सर हातात झाकण घेऊन उभे होते. इतकी वर्षं झाकणातला दोष आणि आपण इंजिन उलगडत बसलो, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मॅडमनी ते पाहिलं असणार. त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "सरांनी पुढचं सारं नवं करून ठेवलं होतं. म्हनून तर मले सरळ टाकीपाशी जाता आलं. नाई तर मलेबी पंपापासूनच सुरू करा लागलं असतं."

ग्रंथालयाचा विषय प्राचार्यांनी पुन्हा काढला नाही.

आमच्याकडे पुसद, दिग्रस, आर्णी या पट्ट्यात जुन्या गाड्या सांभाळणारी माणसं अजून आहेत. कोणाची वडिलांची, कोणाची सासऱ्यांची, कोणाची आपल्याच हौसेची. मॅडमचं नाव या लोकांत एकाकडून दुसऱ्याकडे गेलं, आणि रविवारी त्यांच्या क्वार्टरसमोर एखादी गाडी उभी दिसू लागली. मॅडमची पद्धत ठरलेली होती. आधी मालकाला ओट्यावर बसवायचं, त्याला बिनदुधाचा चहा द्यायचा आणि बोलतं करायचं. शेवटची बंद पडली तेव्हा ऊन होतं का? चढ होता का? टाकी भरलेली होती का रिकामी? बंद पडायच्या आधी वेग किती होता? किती वेळानं सुरू झाली? मालक कंटाळत. एक जण म्हणाला, "मॅडम, गाडी बघा ना, मला काय विचारता!" मॅडम म्हणाल्या, "गाडी तुमच्यासोबत वीस वरसं राह्यली. मी तिले आजच पाहून राह्यली. मंग कोनाले इचारू?"

त्यांच्या पर्समध्ये रुमालाशेजारी हातभर लांबीची सलाईनची नळी असे. पेट्रोलच्या पाइपाच्या मध्ये ही पारदर्शक नळी त्या जोडत आणि इंजिन चालू असताना नुसतं तिच्याकडे बघत बसत. पेट्रोल सलग वाहतंय का, मध्ये हवेचे बुडबुडे येतायत का, हे त्यात दिसे. मी एकदा विचारलं, मॅडम, यासाठी चांगली यंत्रं मिळतात आता. त्या म्हणाल्या, "यंत्र आकडा दाखवते, राठोड सर. मले पेट्रोल पाहाचं हाये."

नवीन स्पेअर पार्ट आणून बसवणाऱ्यावर त्यांचा फार राग. "पार्ट बदलनं म्हनजे इचार न करनं," असं त्या फळ्यावर लिहूनच ठेवत, आणि वर्षभर कोणाला पुसू देत नसत. रागावल्या की आवाज चढत नसे, उलट खाली येई. वरच्या ऑफिसातले तपासणीला आले तरी त्या याच बोलीत बोलत. 'मले', 'तुमाले', 'कायले'. एकदा एका तपासनिसानं शुद्ध भाषेचा सल्ला दिला. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सर, पोरं शिकून राह्यली ना? मंग भाषा शुद्धच हाये."

हे सगळं वाचून वाटेल की त्यांचं कधी चुकलंच नाही. चुकलं. आणि त्यांच्याविषयी मला जो अभिमान वाटतो तो जास्त त्या चुकीमुळेच वाटतो.

आर्णीला एक म्हातारे डॉक्टर होते. त्यांच्याकडे पांढरी अँबेसिडर, लग्नाच्या वर्षी घेतलेली. डॉक्टरीणबाईंचं माहेर पुसदकडचं, म्हणून महिन्यातून एकदा दोघं त्या गाडीनं जात. दोन वर्षांपासून गाडी घाटात बंद पडू लागली. सपाटीला काही नाही, चढ लागला की आचके. दहा मिनिटं उभी केली की पुन्हा सुरू. नागपूर झालं, अमरावती झालं, नवा कार्बोरेटर झाला. शेवटी गाडी मॅडमकडे आली.

मॅडमनी सलाईनची नळी जोडली. इंजिन हळू चालताना पेट्रोल सलग. वेग वाढवला की बुडबुडे. म्हणजे टाकीपासून पंपापर्यंत कुठून तरी हवा ओढली जात होती. शोधत शोधत त्या टाकीजवळच्या वीतभर रबरी नळीपाशी पोचल्या. बाहेरून नळी काळीभोर, चकचकीत. त्यांनी ती ब्लेडनं उभी चिरली तर आतून रबराचे पापुद्रे सुटलेले. "आताच्या पेट्रोलात स्पिरिट मिसळते," त्या म्हणाल्या. "जुन्या रबराले ते सोसत नाई. बाहेरून तरनी दिसते, आतून खल्लास." स्पिरिट मिसळलेल्या पेट्रोलला टिकणारी नळी त्यांनी बसवली, बुडबुडे गेले, डॉक्टर खुश होऊन गेले.

आठवड्यानं डॉक्टरांचा फोन आला. तक्रार नव्हतीच. खुशाली विचारली आणि जाता जाता म्हणाले, "गाडी उत्तम आहे. घाटात फक्त एकदा थोडं थांबावं लागलं. आमची ही उन्हात उभी राहिली जरा वेळ, पण ठीक आहे."

मॅडम फोन ठेवून खुर्चीत बसल्या. पत्र्याच्या भोकातून मला त्यांचा चेहरा दिसत होता. दुपारचा डबा त्यांनी उघडला नाही. चार वाजता माझ्याकडे आल्या.

"राठोड सर, उद्या रजा टाकता का? टाकी उतरवाले दोन मानसं लागतात."

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं आम्ही आर्णीला गेलो. डॉक्टर व्हरांड्यात पेपर वाचत होते. आम्हाला बघून गडबडीनं उठले. मॅडम पायरीवरच थांबल्या.

"डॉक्टरसाहेब, माह्यं चुकलं."

"अहो, काय चुकलं? बसा आधी."

"एक बिघाड सापडला आन् मी खुश झाली. त्याच्या मांगं दुसरा बसला होता, तो मी पाह्यलाच नाई. चढावर गाडी बंद पडून राह्यली होती, आन् मी सपाटीवर तपासून दिली. बाईसाहेब उन्हात उभ्या राह्यल्या ते माह्या चुकीनं."

डॉक्टरांनी पेपरची घडी केली, पुन्हा उघडली, पुन्हा केली. मग म्हणाले, "मॅडम, पन्नास वर्षं प्रॅक्टिस केली मी. पेशंटच्या दारात जाऊन हे वाक्य बोलायला हवं होतं असे प्रसंग माझ्यावरही आले. मला एकदाही जमलं नाही."

आम्ही टाकी उतरवली. डॉक्टर स्वतःचं स्टूल घेऊन शेजारी उन्हात बसले, आत जायला तयारच नव्हते. टाकी उपडी करून हलवली तर तळातून तांबडा गंज पडला, भांडी घासायच्या विटेच्या भुकटीसारखा. वाटीभर निघाला. कित्येक वर्षं तो टाकीच्या तळाला चिकटून होता. आता सुटा झाला होता. चढावर इंजिन जोरात पेट्रोल ओढे तेव्हा हा गंज पाइपाच्या तोंडाशी जाऊन बसे आणि वाट बुजवी. गाडी थांबली की ओढ संपे, गंज खाली पडे, वाट मोकळी. म्हणून दहा मिनिटांनी गाडी सुरू. इतकं साधं, पण ते दिसायला टाकी उतरवावी लागते, आणि टाकी उतरवायला आधी आपलं चुकलं हे मान्य करावं लागतं.

टाकी धुऊन, वाळवून, परत बसवून आम्ही त्या दिवशी घाट तीनदा चढलो. गाडी डॉक्टर चालवत होते. मॅडम शेजारी डोळे मिटून. तिसऱ्यांदा माथ्यावर पोचलो तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "आता बाईसायबाले बसवा." त्यानंतर कोणतीही गाडी त्यांनी जिथे बंद पडते तिथे नेऊन तपासल्याशिवाय मालकाच्या हाती दिली नाही.

आता जीपचं सांगतो.

मॅडमचं गाव महागाव तालुक्यातलं. तिथल्या वस्तीत एक उघडी पेट्रोल जीप होती. वस्तीच्या जुन्या माणसांनी मिळून घेतलेली, आणि तिचं वर्षातलं मोठं काम एकच. चौदा एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीत बाबासाहेबांची तसबीर तिच्यावर ठेवून गावभर फिरवायची. पहिल्या वर्षी ती जीप मॅडमच्या वडिलांनी चालवली होती. ते कापसाच्या जिनिंग मिलच्या गाडीवर ड्रायव्हर होते.

त्या जीपनं दोन वर्षं लागोपाठ दगा दिला. दोन्ही वर्षी बाजार चौकात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. मिरवणूक थांबली, पोरांनी जीप ढकलली, आणि समोरच्या पानठेल्यावरून कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, "धक्का मारो!" हसू उठलं. वस्तीतल्या म्हाताऱ्यांना ते हसणं फार लागलं. जयंती कमिटीचा सचिव प्रशांत हा तरुण, शिकलेला, चांगला मुलगा. त्यानं ठरावच मांडला की यंदा नवी पिकअप भाड्यानं आणू, जीप बाजूला ठेवू. त्या बैठकीला मॅडम गावी होत्या. त्या म्हणाल्या, जीप एकदा माझ्या हातात द्या.

"ताई, भावनेवर गाडी चालत नाही," प्रशांत म्हणाला.

"नाई चालत. पेट्रोलवर चालते. थेच पाहू."

कमिटीतले सगळ्यात वडील किसनबाबा, मॅडमच्या वडिलांचे दोस्त. त्यांनी किल्ली काढून मॅडमच्या हातात ठेवली.

जयंतीला बारा दिवस होते. मॅडमनी मला बोलावलं, आणि भर दुपारी एक वाजता, एप्रिलच्या उन्हात, आम्ही ती जीप माणसाच्या चालीनं गावातून फिरवू लागलो. पहिल्या गियरवर. वस्ती ते बस स्टँड, बस स्टँड ते बाजार चौक, पुन्हा वस्ती. डोक्यावर ओला दुपट्टा गुंडाळून मी शेजारी. लोक दारात येऊन बघत. एका बाईनं विचारलं, "काहून वो ताई, काही हरपलं का?" मॅडम म्हणाल्या, "हो, पेट्रोल हरपते. कुठं हरपते ते पाहून राह्यली."

सव्वा तासानं इंजिन आचके द्यायला लागलं आणि बंद पडलं. मॅडमनी बॉनेट उघडून पंपाला बोट लावलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं. प्यायच्या पाण्याची बाटली पंपावर ओतली. मिनिटभरानं जीप सुरू झाली.

"वाफ," त्या म्हणाल्या. उन्हानं लाल झालेल्या त्यांच्या चेहऱ्यावर मी इतका आनंद क्वचित पाहिला असेल. "दोन वरसं हे लोक कार्बोरेटर धुऊन राह्यले, सर. कार्बोरेटरचा काय गुन्हा? जीप पयते तवा वारा लागते, पेट्रोल थंड राह्यते. मिरवनुकीत ती चालते मानसाच्या चालीनं. वारा नाई, वरून ऊन, खालून इंजिन. पाइपातल्या पाइपात पेट्रोलची वाफ होते. पंपाले पेट्रोल ओढता येते, वाफ नाई ओढता येत."

खाली वाकून पाहिलं तर पेट्रोलचा पाइप सायलेन्सरच्या नळकांड्याला जवळजवळ टेकलेला. मागे कधीतरी सायलेन्सर बदलताना कोणीतरी तो तसा वळवला होता. मॅडमनी नवा पाइप बाहेरच्या बाजूनं नेला. तेलाचा डबा कापून त्याचा पत्रा पंप आणि सायलेन्सरच्या मध्ये आडवा बसवला. पंपाभोवती जाड सुती कापड गुंडाळलं, ते ओलं ठेवायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा भर दुपारी तीन तास आम्ही तसेच फिरलो. जीप थांबली नाही. मीच थांबलो, मला ऊन लागलं आणि मॅडमच्या बहिणीनं पन्हं पाजून मला खाटेवर झोपवलं.

चौदा एप्रिलला वस्ती पांढऱ्या साड्यांनी आणि निळ्या झेंड्यांनी भरून गेली होती. तसबीर जीपवर चढवली, हार घातले. प्रशांतनं एका तरण्या ड्रायव्हरला पुढे केलं. मॅडम बायकांच्या रांगेकडे निघाल्या. तेव्हा किसनबाबांनी काठी जमिनीवर आपटली.

"सुलोचना! तिकडं कुठं जातं? बाप कुठं बसला होता?"

मॅडम वळल्या. पांढऱ्या साडीचा पदर कमरेला खोचला आणि ड्रायव्हरच्या जागेवर बसल्या. मी पाण्याची कळशी घेऊन शेजारी. किसनबाबा मागे, तसबीर धरून.

बाजार चौकात मिरवणूक नेहमीसारखी अडली. लेझीम रंगात आलं, पोरं पुढे सरकेनात. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. इंजिन चालू, ऊन अजून उतरलेलं नाही. पानठेल्यावर तेच लोक उभे होते, बघत. एकदा इंजिनाचा आवाज बारीक झाला. मॅडमनी माझ्याकडे बघितलंही नाही, फक्त बोटानं खूण केली. मी उतरलो, बॉनेटच्या फटीतून कापडावर पाणी सोडलं. छातीचे ठोके मोजावेत तसे मी ते इंजिन ऐकत होतो. आवाज पुन्हा भरला. एकसारखा झाला. लेझीम पुढे सरकलं, आणि तसबीर चौक ओलांडून पलीकडे गेली. कोणी ढकललं नाही. पानठेल्यावरून कोणी काही बोललं नाही. उलट एक जण हात जोडून उभा राहिलेला मी पाहिला.

किसनबाबा मागून म्हणाले, "पोरी, तुह्या बापानं एवढ्या सफईनं नव्हती चालवली." मॅडमचे डोळे रस्त्यावर होते आणि गालावरून पाणी वाहत होतं. पुसायला एक हात सोडायला हवा होता, तो त्यांनी सोडला नाही. दिवेलागणीला जीप वस्तीत परत आली तेव्हा प्रशांतनं येऊन त्यांच्या पायाला हात लावला. त्या एवढंच म्हणाल्या, "पाया नोको पडू. पुढच्या वरसी कापड कोन ओलं ठेवन ते ठरव."

निवृत्तीनंतर त्या गावी बहिणीजवळ राहायला गेल्या. मागच्या हिवाळ्यात एका सकाळी झोपेतून उठल्याच नाहीत. मला बातमी दुपारी कळली.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्याच्या दीडेक महिना आधी. पुसदहून दिग्रसला एसटीनं चाललो होतो. पुढे कापसाच्या गाड्यांची रांग होती, म्हणून बस रेंगाळत होती. रस्त्याच्या कडेला एक जुनी निळी मोटार बॉनेट उघडून उभी होती. भोवती चार माणसं. त्यातल्या एकानं छत्री धरली होती, आणि छत्रीखाली मुनेश्वर मॅडम. मी खिडकीतून हाक मारली, पण बसच्या घरघरीत ती त्यांना पोचली नसावी. कंडक्टरला म्हटलं, थांबवा. तो म्हणाला, इथं थांबा नाही.

दहा-बारा मिनिटं गेली असतील. मागून हॉर्न ऐकू आला आणि ती निळी गाडी आमच्या बसच्या बाजूनं पुढे निघाली. गाडी मॅडम चालवत होत्या. मालक मागच्या सीटवर, मिटलेली छत्री मांडीवर घेऊन, पाहुण्यासारखा अंग चोरून बसलेला. मॅडमनी बसकडे बघितलं नाही. त्यांची मान किंचित वाकडी होती, कान इंजिनाकडे.

शेजारी एक अनोळखी माणूस बसला होता. मी त्याला म्हटलं, "त्या आमच्या मॅडम."

"कोन?" त्यानं मान उंच करून विचारलं.

तोवर गाडी चढ चढून पलीकडे गेली होती. एकदाही न अडखळता.